केबेक : तटाआडचे गाव

मुंबईकराला 'फोर्ट' म्हटले की बँका, कचेऱ्या आणि सायंकाळची गर्दी आठवते. किल्ला काही आठवत नाही. आठवणार कसा? तिथला तट १८६० नंतरच्या दशकातच पाडून टाकला. कॅनडातल्या केबेक शहरात मात्र फोर्ट अजून खराखुरा फोर्ट आहे. जुन्या गावाभोवती साडेचार किलोमीटरांहून अधिक लांबीचा दगडी तट उभा आहे. मेक्सिकोच्या उत्तरेस असा तट राखलेले दुसरे शहर नाही.

हा तट वाचवणाऱ्याचे नाव ऐकून आपण चमकतो. लॉर्ड डफरिन! १८८५ साली मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले तेव्हाचे आपले व्हाइसरॉय. त्याआधी, १८७२ ते १८७८, ते कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. रहदारीला अडचण होते म्हणून गावकरी वेशी पाडू लागले होते. डफरिनसाहेबांनी तट राखायला लावला.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही उभयता मुलाकडे टोरांटोला होतो. मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात यांच्यासह एक दिवस केबेकला काढला. मेपलची झाडे शेंदरापासून कुंकवापर्यंत सगळ्या छटांनी पेटली होती. पुढे धावणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या पाटीवर आकड्यांखाली तीन फ्रेंच शब्द : 'ज म सुव्हियँ'. अर्थ, 'मला आठवते'. १९७८ पासून या प्रांतातल्या मोटारींवर हेच ब्रीद आहे.

केबेकची दोन गावे आहेत, खालचे आणि वरचे. सेंट लॉरेन्स नदीकाठच्या खालच्या गावात साम्युएल द शाँप्लँ याने १६०८ साली पहिली वसाहत केली. तिथल्या चौकातल्या छोट्याशा दगडी चर्चचा पाया १६८८ चा. आजूबाजूच्या गल्ल्या आपल्या पेठांतल्या बोळांसारख्या अरुंद. तिथून कड्यावरच्या वरच्या गावात जायला जिने आहेत आणि १८७९ पासून चालत आलेली उभ्या चढाची गाडीही आहे. गुडघ्यांचा सल्ला घेऊन आम्ही गाडी पत्करली.

वर पोचताच डफरिनसाहेबांच्याच नावाचा लाकडी फळ्यांचा प्रशस्त सज्जा लागतो. मागे राजवाड्याच्या थाटाचे शातो फ्रोंतनाक हे १८९३ चे हॉटेल, पुढे खाली संथ वाहणारी नदी. तासभर तिथून हलवेना.

जवळच्या बागेत एक दगडी स्तंभ आहे. १३ सप्टेंबर १७५९ रोजी, म्हणजे आपल्या पानिपताच्या सोळा महिने आधी, गावाबाहेरच्या अब्राहमच्या पठारावर इंग्रज आणि फ्रेंच भिडले. अर्ध्या तासाच्या आत निकाल लागला. इंग्रज सेनापती वुल्फ रणांगणावरच पडला. फ्रेंच सेनापती माँकाम दुसऱ्या दिवशी गेला. जेत्याचे आणि पराजिताचे स्मारक एकच, आणि त्यावरचा लेख इंग्रजीतही नाही, फ्रेंचमध्येही नाही. तो आहे लॅटिनमध्ये!

१७६३ च्या तहाने सगळा मुलूख इंग्रजांकडे गेला. मागे राहिलेल्या साठ-सत्तर हजार फ्रेंच रयतेची भाषा दोन पिढ्यांत बुडावी, असाच तो प्रसंग. पण १७७४ च्या कायद्याने त्यांचा धर्म आणि दिवाणी कायदा शाबूत राहिला. पुढे १९७७ च्या कायद्याने दुकानाच्या पाटीपासून कारखान्यापर्यंत फ्रेंचला पहिला मान दिला. आज या शहरात शंभरांतले नव्वदांहून अधिक लोक घरी फ्रेंच बोलतात.

संध्याकाळी एका जुन्या घरातल्या ठेंगण्या छताच्या खानावळीत बसलो. आमची नात शाळेत फ्रेंच शिकते. वाढणाऱ्या बाईंशी तिने ऐटीत फ्रेंच सुरू केले आणि वाटाण्याच्या सूपमध्ये डुकराचे मांस असल्याची बातमी आम्हाला इंग्रजीत दिली. सौ. शाकाहारी. तिच्यासाठी 'पुतीन' आले : तळलेले बटाटे, त्यावर दातांखाली कुरकुरणारे ताजे चीज आणि अळंब्यांचा गरम रस्सा. मी खिम्याची 'तुर्तियेर' घेतली.

"माझ्याशी इंग्रजी कशाला गं?" सौ.ने विचारले.

"तुला येतं ना, आजी!" उत्तर इंग्रजीतच.

"त्या बाईंनाही येतच होतं की."

"हो, पण इथे आधी फ्रेंचच बोलायचं असतं."

मुलगा-सून ताटाकडे पाहू लागली. अडीचशे वर्षांचा इतिहास मी दिवसभर पाट्यांवर वाचत होतो. तो पोरीने एका वाक्यात सांगितला. दुसऱ्याला आपली भाषा येत नाही म्हणून नव्हे, तर आपल्याला त्याची येते म्हणून आपण आपली सोडतो. केबेकच्या माणसाला इंग्रजी येत असूनही तो फ्रेंचनेच सुरुवात करतो. तट राखायला डफरिनसाहेब तरी होते. भाषा ज्याची त्यालाच राखावी लागते.

शेवटी साखरेचा पाय आला. मेपलचा सुमारे चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर पाक होतो. बर्फ वितळू लागले की रानातल्या झोपड्यांत हा रस कढतो.

"अगं, हे तर गुऱ्हाळ! आणि हा पाक म्हणजे आपली काकवी," सौ. म्हणाली.

"गुऱ्हाळ म्हणजे काय, आजी?" नातीने विचारले. मराठीत.

हॉटेलवर परतेपर्यंत सौ.ने तिला ऊस, चरक, कढई आणि काकवी सगळे सांगितले, सगळे मराठीत. पोरीनेही इंग्रजीचा आडोसा घेतला नाही.