भावालाही कागद लागतो

यांच्या अमेरिकेच्या व्हिसासाठी प्रायोजक मीच. माझा जन्म तिथला, नागरिकत्वही तिथलं. पण लग्नानंतरची नऊ वर्षं सांगलीत गेली. आय-८६४ हे हमीपत्र भरताना अडले ते एकाच अटीवर : प्रायोजकाचं वास्तव्य अमेरिकेत हवं. नसेल, तर यांच्या आधी किंवा यांच्याबरोबर आपणही तिथे राहायला जाणार, हे दाखवायचं. उत्पन्नाची हमी तिकडच्या दादाने सह-प्रायोजक म्हणून दिली. वास्तव्याची अट मात्र माझी मलाच पुरी करायची होती.

मग कागद जमवले. तिथलं बँकखातं, नोकरीसाठी केलेले अर्ज, मुलीच्या शाळाप्रवेशाचा पत्रव्यवहार, आम्ही त्याच्या घरी उतरणार असल्याचं दादाचं पत्र.

आपल्यात भाव महत्त्वाचा. इथे भावालाही कागद लागतो, म्हणून आधी चिडले. पण सही करताना हात थबकला. मला खरंच जायचंय का? सासूबाईंना एकटं सोडून? मनात नसताना सही केली, तर सत्याणुव्रताचं काय?

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली, तेव्हा त्यांनाच विचारलं. म्हणाल्या, "जा गं. देव्हारा मी सांभाळते. पर्युषणाला मात्र ये."

त्या रात्री सही केली.