आधी पाया, मग पत्रे!

शुक्रवारी डेडलाइन गाठायची आणि शनिवारी सकाळची कसारा लोकल पकडून खर्डीला उतरायचं, हे माझं सध्याचं वीकएण्ड लाइफ! मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही. परसदारी आठ बाय दहाची शेड बांधतेय. स्वतः!

कारण बाबा. रिटायर झाल्यावर ते इथे राहायला आले, सुतारकामाची हत्यारं घेऊन. दोन वर्षांपूर्वी हौसेनं शेड उभारली. जमीन सपाट दिसली म्हणून थेट तिच्यावरच लाद्या टाकल्या. पहिल्याच पावसात एक कोपरा खचला, पाणी आत शिरलं. रंधे, पटाश्या, सगळं गंजलं. बाबा काही बोलले नाहीत. पेटी तेवढी माळ्यावर गेली.

मुंबईला १८९२ पासून पाणी पाजणारा तानसा तलाव आमच्याच शहापूर तालुक्यातला. भातसाही इथलंच. इथला पाऊस कसा असतो, ते वेगळं सांगायला नको! म्हणूनच गावातल्या गवंड्यानं पहिल्याच दिवशी बजावलं, "ताई, आधी पाणी कुठून येतं नि कुठं जातं ते बघा. दोरी मग."

तुम्हालाही असं काही बांधायचं असेल, तर हे वाक्य लिहून ठेवा. आमची जुनी जागा नेमकी पाण्याच्या वाटेत होती. ती चार पावलं वर सरकवली. आता प्लॅन असा : घट्ट मुरूम लागेपर्यंत चारी बाजूंनी चर खोदायचा. त्यात दगडी बांधकाम करून जोतं जमिनीच्या फूटभर वर आणायचं. आत मुरमाची भरणी, थराथरानं पाणी मारून धुमसानं ठोकायची आणि वर काँक्रीट. खांबांचे बोल्ट काँक्रीट ओलं असतानाच बसवायचे, नाहीतर वादळात पत्रे शेजारच्या अंगणात!

गेल्या शनिवारी मी दिमाखात खुंट्या ठोकून दोरी ताणली. बाबा ओटीवरून बघत होते.

"कर्ण मोजलेस?"

मोजले. चार इंचांचा फरक!

"कोपऱ्यापासून एका दोरीवर सहा फूट, दुसरीवर आठ. तिरकं अंतर दहा भरलं की काटकोन," टेपचं दुसरं टोक धरत ते म्हणाले. तिसऱ्या खेपेला दोन्ही कर्ण सारखे आले : बारा फूट, पावणेदहा इंच.

अजून एक घमेलंही काँक्रीट पडलेलं नाही. पण रविवारी संध्याकाळी लोकलसाठी निघाले, तेव्हा माळ्यावरची पेटी खाली आली होती. बाबा रंध्याच्या पात्यावरचा गंज घासत बसले होते.

"पावसाच्या आत होईल ना गं?"