किल्ल्या आणि आठी

दिवाळीनंतरची गोष्ट. माझ्या पुतण्याने मला न विचारता कापसाचा सौदा केला. भाव वाईट आला नव्हता. परंतु अकोल्याच्या आमच्या या एकत्र कुटुंबाचा व्यवहार तीस वर्षे माझ्या हातून चाललेला, तेव्हा मनाला ते फार लागले. मी तिजोरीच्या किल्ल्या आणि खतावणी त्याच्यापुढे ठेवली व म्हणालो, "आजपासून तुमचे तुम्ही पाहा!" सर्वांना तो त्याग वाटला, आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले.

पुढे महिनाभराने तो बटाईचा हिशेब घेऊन आला. "काका, एवढे जरा समजावून सांगता?" मी वर्तमानपत्रातून डोके न काढता उत्तरलो, "आता मला काय विचारायचे?" तो मुकाट्याने परत गेला. त्या रात्री सौभाग्यवती म्हणाली, "अहो, किल्ल्या दिल्यात खऱ्या, पण कपाळावरची आठी मात्र स्वतःकडेच ठेवून घेतलीत."

याच सुमारास अमरावतीहून निमंत्रण आले. लोकनायक बापूजी अणे २६ जानेवारी १९६८ रोजी निवर्तले. त्यांच्या स्मृतिदिनी मी चार शब्द बोलावे, अशी स्नेह्यांची इच्छा होती. म्हणून मी त्यांचे चरित्र पुन्हा नीट पाहू लागलो.

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म १८८० साली वणी येथे झाला. वकिलीची परीक्षा होण्यापूर्वी ते अमरावतीच्या काशीबाई खाजगी हायस्कूलात शिक्षक होते. पुढे यवतमाळास वकिली केली. टिळकांचे ते निष्ठावंत अनुयायी. १९३० साली पुसदच्या राखीव जंगलातील गवत कापून त्यांनी सत्याग्रह केला व तुरुंगवास पत्करला. तेच अणे १९४१ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले! परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते त्यांजकडे आले. अनेकांना हे रुचले नाही. मात्र फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी स्थानबद्धतेत उपोषण आरंभिले आणि सरकार त्यांना सोडीना, तेव्हा होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह अण्यांनी राजीनामा दिला.

येथवर कथा सरळ आहे. अडचण पुढे आहे. त्याच वर्षी ते त्याच सरकारचे प्रतिनिधी होऊन लंकेला गेले. मग राजीनाम्याचा अर्थ काय राहिला? हा आक्षेप मलाही पुष्कळ दिवस खटकत असे.

लंकेत चहा-रबराच्या मळ्यांवर लाखो तमिळ मजूर राबत होते. १९३९ सालीच हिंदुस्थान सरकारने अकुशल मजुरांना तेथे जाण्यास बंदी केली होती. परंतु आधी गेलेल्यांच्या मताधिकाराचा प्रश्न लोंबकळतच होता. ज्या खात्याचे अणे दिल्लीत प्रमुख होते, त्याच खात्याचे हे काम; फक्त मान खालचा. माझ्या मते मर्म येथे आहे. ज्या निर्णयाची जबाबदारी मनाला पटेना, ते आसन त्यांनी सोडले. त्या मजुरांना मात्र सोडले नाही. १९४७ पर्यंत ते तेथे होते. यश आले असे म्हणवत नाही, कारण १९४८ च्या लंकेच्या कायद्याने बहुसंख्य मजूर नागरिकत्वाला मुकले. तथापि फळ मिळाले नाही म्हणून कष्ट खोटे ठरत नाहीत.

त्यानंतर १९४८ ते १९५२ ते बिहारचे राज्यपाल होते. एवढ्या मानानंतर माणूस घरी स्वस्थ बसता. परंतु १९५९ च्या पोटनिवडणुकीत व पुन्हा १९६२ साली, ऐंशी ओलांडल्यावर, हे गृहस्थ स्वतंत्र विदर्भाची मागणी घेऊन नागपूरकरांकडे मते मागावयास गेले व लोकसभेत निवडून आले. राज्यपालपद भोगलेल्याने दारोदार मत मागण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. शिवाय टिळकांवर प्रदीर्घ संस्कृत महाकाव्य रचले. त्यास मरणोत्तर, १९७३ साली, साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.

हे सारे टिपून घेताना लेखणी एकाएकी थांबली. अण्यांनी खुर्ची सोडली ती तत्त्वासाठी, आणि काम धरून ठेवले. मी खुर्ची सोडली ती रागाने, आणि कामही टाकून दिले. याला त्याग म्हणत नाहीत, रुसवा म्हणतात. लहान मूल रुसले तर घर हसते. वडीलधारा रुसला तर घर मुके होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुतण्याच्या खोलीपाशी गेलो. तो दचकून उभा राहिला. मी म्हटले, "बटाईचा हिशेब आण. किल्ल्या तुझ्याकडेच राहू देत. मी नुसता आकडे ताडून पाहतो."

त्याने खतावणी आणली. बेरजेत एक चूक होती. ती मी दाखविली. आणि शेजारच्या पानावरची माझी वीस वर्षांची एक चूक त्याने मला दाखविली. आम्ही दोघेही हसलो. अमरावतीच्या सभेत हे मी सांगितले नाही. तेथे लोकनायकांविषयीच बोललो. वाचक मात्र घरचे, म्हणून येथे सांगितले.