कैफियतीखालचे नाव

चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुसला कोळसा खाणीची पाळी सुटल्यावर, चहाच्या टपरीशी उभ्या असलेल्या आणि बोटांच्या पेरांतली काजळी धुऊनही न निघालेल्या कामगारांपैकी कुणी वामनदादा कर्डकांचे गीत गुणगुणू लागला, म्हणजे ज्या कवीने मुंबईत गिरणीत, कोळशाच्या वखारीत आणि खडी फोडण्याच्या कामावर घाम गाळला, त्याची वाणी ह्या मुलखात इतकी खोल का रुजली, ह्याचा उलगडा वेगळ्या भाष्यावाचून होतो.

१९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेले वामनदादा तारुण्यापर्यंत निरक्षर होते. मुंबईच्या चाळीत कुणी पत्र वाचावयास दिले आणि ते वाचता येईना, ह्या शल्याने त्यांना मुळाक्षरे गिरवावयास लावली. जोडाक्षरे तर त्यांनी दुकानांच्या पाट्यांवरून आत्मसात केली. १९४३ साली रचलेले त्यांचे पहिले गीत हे एका हिंदी गाण्याचे विडंबन होते. आरंभी केवळ मौज असलेला हा उपहास पुढे फिर्यादीचे रूप धारण करतो. ज्या टाटांच्या तेल कंपनीत त्यांनी चाकरी केली, त्या टाटांनाच बिर्लांच्या जोडीने गीतात हजर करून, देशाच्या धनसाठ्यात आमचा वाटा कोठे आहे, असा रोखठोक हिशेब त्यांनी मागितला. आणि जमिनीच्या पोटातले धन वाघिणींत भरून रवाना होताना रोज पाहणाऱ्या आमच्या गावाला त्या सवालाचा अर्थ कुणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

परंतु धनिकांचा उपहास करणे त्यामानाने सुकर असते. टाळ्या आपल्याच माणसांच्या मिळतात. वामनदादांची खरी थोरवी मला अन्यत्र दिसते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरास बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या समुदायाला बौद्ध धम्माची दीक्षा दिली, त्याच समुदायाच्या पुढाऱ्यांत बाबासाहेबांच्या पश्चात फाटाफूट माजली, तेव्हा ह्या शाहिराने आपल्या निष्ठावंत श्रोत्यांसमोर उभे राहून, बाबासाहेबांच्या मताची खरी माणसे कितीशी उरली, असे गीतातून त्यांनाच विचारले. आणि श्रोत्यांनी ते गीत रागाने झिडकारले नाही, तर कंठस्थ केले.

गीताच्या अखेरच्या कडव्यात ते आपली ‘वामन’ ही नाममुद्रा घालीत. संतांपासून चालत आलेल्या ह्या रीतीला उपरोधिक गीतात दस्तऐवजावरील सहीचे मोल येते, कारण बोचरे बोलणारा मनुष्य त्या बोलाची जबाबदारी स्वतःच्या नावावर चढवितो. २००४ साली वामनदादा गेले. जो आपल्याच माणसांना जाब विचारतो आणि त्याखाली आपले नाव घालतो, त्याच्याच उपहासाला समाज अखेर न्यायाचा अधिकार बहाल करतो.