अहंतेचे सोवळे

नागपूर आणि मराठी ख्रिस्ती साहित्य यांचे नाते सांगायचे झाले, तर ते आगगाडीच्या एका डब्यापासून सांगावे लागते. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यातील एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्याशी आदराने संभाषण केले आणि नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती ठेवली. वाचायचे वचन दिले होते म्हणूनच टिळकांनी ते पुस्तक उघडले, आणि पर्वतावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही हकिकत आपल्या परिचयाची आहे; परंतु ती सांगताना एक गोष्ट निसटते. तो प्रवासी कुणी गांजलेला, आधार शोधणारा जीव नव्हता. तो चित्पावन ब्राह्मण होता, संस्कृतज्ञ, कवी आणि वक्ता होता. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्याने संस्कृत ग्रंथांचे काम केले होते. देशाच्या उद्धारासाठी आपणच एक नवा धर्म स्थापावा, असा विचार त्याच्या मनात घोळत असे. गुरुपीठावर बसू पाहणाऱ्या माणसाने शिष्याच्या जागी येऊन बसणे, हे मला त्यांच्या धर्मांतरातील खरे अवघड वळण वाटते. त्या प्रवचनाचा प्रारंभच आत्म्याने दीन असलेल्यांपासून होतो, हे विसरून चालणार नाही.

टिळक कॅथलिक नव्हते. ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये गेले. म्हणून त्यांना ‘त्यांच्यातले’ समजणारे वाचक आपल्यात आहेत. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, नागपूरचे आपले कॅथेड्रल ज्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने उभे आहे, ते स्वभावतः शीघ्रकोपी होते आणि सौम्यता त्यांनी वर्षानुवर्षांच्या साधनेने मिळवली. प्रॉटेस्टंटांशी व्यवहार करतानाही त्यांचा भर त्या सौम्यतेवरच असे.

तथापि नम्रतेचा याहून कठीण धडा मला लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त आढळतो. टिळकांचा अभिमान विद्वत्तेचा होता, आणि ग्रंथाने त्याच्यावर मात केली. लक्ष्मीबाईंचा अभिमान चुलीपाशी होता, पाण्याच्या तांब्यात होता. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे त्या त्यांच्याकडे परतल्या, पण सोवळेओवळे सोडले नाही. घर एक आणि स्वयंपाक निराळा! मग एका रात्री त्यांच्या मनाने विचार घेतला: जाती देवाने केल्या की माणसाने? पशुपक्ष्यांत देवाने निरनिराळ्या जाती केल्या, हे उघड दिसते. माणसांत मात्र स्त्री आणि पुरुष यांपलीकडे काही दिसत नाही. कुणी उपदेश केला नाही, कुणी वाद घातला नाही. त्या विचारानंतर कुणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या सिद्ध झाल्या. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. म्हणजे सोवळे आधी गळून पडले आणि मगच संस्काराचे जल मस्तकी आले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

कारण आपल्याकडे तो पुष्कळदा उलटा झालेला आहे. गोव्यातील कित्येक कोन्फ्रारियांचे सभासदत्व दीर्घकाळ जातीवर ठरत असे. बामण, चारदो ही नावे बाप्तिस्म्याच्या पाण्याने पुसली गेली नाहीत. मुलीला स्थळ पाहताना ‘ते मूळचे कोण?’ ही पृच्छा आजही हलक्या आवाजात होते. विचारणारा आणि ज्याच्याविषयी विचारले जाते तो, असे दोघेही रविवारी एकाच वेदीपाशी ख्रिस्तशरीर स्वीकारतात. पूर्वजांचे सोवळे निदान उघड तरी होते. दोरीवर वाळत घातलेले कुणालाही दिसे.

आज्ञा गुरुवारच्या पायधुणीसाठी पुरुषांनाच निवडावे, हा दंडक पोप फ्रान्सिस यांच्या काळात, २०१६ साली शिथिल झाला. आता देवप्रजेतील कुणालाही बोलावता येते, स्त्रियांनाही. दार असे उघडले असताना, धर्मग्रामाच्या कडेला राहणारे, सभेला कधी न बोलावलेले एखादे कुटुंब त्या बाकावर किती वेळा बसलेले दिसते? आणि जे बसतात, ते बहुधा पाय घरूनच स्वच्छ धुऊन आलेले असतात.