श्रोते आणि भिंती

सीमाभागातील आमच्या गावच्या वाचनालयात व्याख्यानास हल्ली वीसपंचवीसच मंडळी जमतात, हे दुःख जुनेच आहे. त्यात भर अशी पडली की, जमलेल्यांनाही ऐकू येईना. एक शब्द विरण्यापूर्वीच दुसरा त्यावर येऊन आदळे. आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनी तर 'कान गेले' असे म्हणून येणेच सोडले. चिटणिसांच्या मते उपाय एकच, मोठा कर्णा आणावा. आम्हांस ते पटेना. भिंती जे घोळवितात, तेच कर्णा अधिक जोराने घोळविणार.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील नवे व्याख्यानगृह १८९५ साली असेच निकामी ठरले होते. तेथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सेबाइन या तरुण पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाकडे ते काम आले. दुसऱ्या एका नाट्यगृहातील बैठकीच्या गाद्या रात्री वाहून आणावयाच्या, ऑर्गनची नळी वाजवून थांबवावयाची आणि नाद कानाआड होईपर्यंतचा काळ मोजावयाचा, असा क्रम त्याने चालविला. एकदा नोंदी जुळेनात. शोधाअंती कळले की, त्याच्या अंगावरचे बदलते कपडेच नाद पीत होते! हजारो नोंदी त्याने टाकून दिल्या आणि पुढे एकच पोशाख ठेवला. अशी चिकाटी आमच्या अंगी असती, तर आम्ही निबंध लिहीत बसलो नसतो.

त्याचा नियम सोपा आहे. खोलीच्या घनमीटरांस ०.१६ ने गुणावे व शोषणाने भागावे, की सेकंद मिळतात. शोषणाचे माप म्हणजे उघडी खिडकी. तिच्यातून गेलेला नाद परतत नाही.

एका रात्री रिकाम्या सभागृहात आम्ही फुगा फोडला आणि भाच्याच्या मोबाइलवर नाद टिपला. तीन सेकंद! सभागृह ७५० घनमीटरांचे. म्हणजे शोषण अवघ्या ४० चौरस मीटर खिडकीइतके. बसलेला माणूस एकटा सुमारे अर्धा चौरस मीटर शोषितो. वीस श्रोते आले तरी काळ जवळजवळ अडीच सेकंद उरतो. दोनशे बसले, तर तो एका सेकंदाच्या आत येतो. आमच्या तरुणपणी तेथे दोनशे बसत. तेव्हा सभागृह उत्तम होते, असे आम्ही समजत आलो होतो.

माळ्यावरच्या जाड सतरंज्या दुहेरी करून मागच्या भिंतीपुढे वीतभर अंतर राखून टांगल्या. पुन्हा फुगा फोडला. काळ दोन सेकंदांच्या किंचित खाली आला. मग त्या स्नेह्यांच्या घरी जाऊन, कान शाबूत आहेत, असे सांगून त्यांना घेऊन आलो. ते तिसऱ्या रांगेत बसले, आणि व्याख्यान संपताच वक्त्याने सांगितलेला एक सन चुकीचा असल्याचे त्यांनी उभे राहून सुनावले.