श्वासाची राखण

मनुष्य ज्या वस्तूवाचून घटकाभरही जगू शकत नाही, तिचा विचार तो सर्वांत शेवटी करतो. धान्याची आपण बेगमी करतो, पाण्याचे रांजण भरून ठेवतो. आम्हां बीड जिल्ह्यातील लोकांस तर पाणी साठविणे हा दुसरा धर्मच होऊन बसला आहे. परंतु श्वासही साठवावा लागतो, ही कल्पना आमच्या नांदूरघाटात कोणाच्या स्वप्नातही आली नसती. माझा एक पुतण्या मालवणास, समुद्रतळाची सैर घडविणाऱ्या मंडळींकडे नोकरीस लागला, आणि काम कसले म्हणून विचारता ‘हवा भरण्याचे’ असे उत्तर त्याने दिले. त्यावर आमच्या मातोश्री म्हणाल्या, “अरे, हवा तर देवानं फुकट दिलीय, ती भरायला पगार कोण देतं?”

प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. मालवणास जाऊन पुतण्याचे काम पाहिले, तेव्हा मला त्याचे उत्तर मिळाले.

पाणबुड्याच्या पाठीवरील सिलिंडर बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. त्याच्या पोटात जेमतेम अकरा लिटर पाणी मावेल. पण वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाबाने त्यात बावीसशे लिटर हवा कोंबलेली असते. एवढ्या हवेचे वजन अडीच किलोहून अधिक भरते! मोटारीच्या चाकातील हवा याच्यापुढे अगदीच गरीब. असा हा कोंडलेला वारा मुठीएवढ्या पितळी व्हॉल्व्हने आणि त्यातील रबराच्या एका बारीक कड्याने आवरून धरलेला असतो. त्या कड्याला ‘ओ-रिंग’ म्हणतात. त्यावर वाळूचा कण बसला वा त्याला चीर गेली, की हवा फुसफुसू लागते. म्हणून समुद्रातून वर आलेला प्रत्येक सिलिंडर गोड्या पाण्याने धुवावयाचा, आणि भरण्यापूर्वी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून तोंडाशी अडकलेले पाणी उडवून द्यावयाचे, हा तेथला नित्यनेम आहे.

सिलिंडर कधीही अगदी रिकामा करीत नाहीत. थोडा दाब मागे ठेवतात. आत हवा शिल्लक असली म्हणजे बाहेरचा ओलावा आत शिरत नाही. पोलादी सिलिंडरात ओल राहिली तर गंज चढतो, आणि गंज चढताना आतील प्राणवायू खर्ची पडतो. दाब मोजणारा काटा ‘भरलेला आहे’ असेच सांगत असतो; हवेतील प्राण मात्र निघून गेलेला असतो. बाहेरून भरलेले आणि आतून निःसत्त्व, असे प्रकार मनुष्यांतही आढळतात. फरक इतकाच की तेथे कोणी बुडून मरत नाही. म्हणून दरवर्षी व्हॉल्व्ह काढून, आत दिवा सोडून, आरशाने गळ्याचे आटे तपासतात. जुन्या एका जातीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरांना नेमक्या तेथेच चिरा पडत असत.

साधारणपणे पाच वर्षांनी याहून कठीण परीक्षा असते. सिलिंडरात पाणी भरून त्यावर नेहमीच्या सुमारे दीडपट दाब देतात, तो किती फुगतो आणि दाब काढल्यावर पूर्ववत होतो की नाही, हे मोजतात. पाणीच का? तर हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. म्हणून भांडे फुटले तरी स्फोट होत नाही. अशा सिलिंडरांविषयी २०१६ चे नियम आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे.

व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवणे हा सर्वांत फसवा दोष. पाण्याबाहेर श्वास सुखाने चालतो. पण खोल गेल्यावर हवा दाट होते, एकेका श्वासाला अधिक हवा लागते, आणि अरुंद वाट ती पुरवीत नाही. म्हणून व्हॉल्व्ह एक तर पूर्ण उघडा, नाही तर पूर्ण बंद.

आमच्या गावाला हे सारे परके वाटावे, पण तसे नाही. विहिरीतील पंपाचा फुटव्हॉल्व्ह अडकला की पोहणारा एखादा गडी छातीत एक श्वास भरून तळाशी जातो. पडीक विहिरीत उतरण्यापूर्वी वडीलधारी माणसे जळता कंदील खाली सोडीत. तो विझला तर माणूस उतरत नसे. १९४३ साली कुस्तो आणि गान्यान या फ्रेंच गृहस्थांनी पाणबुड्याला हवी तेव्हा हवी तेवढी हवा देणारे यंत्र सिद्ध केले. आमच्या कंदिलाची चिंता तीच होती.

आणि ही चिंता केवळ पाण्याखालची नव्हे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या दिवसांत आमच्या घरातही एक सिलिंडर उभा होता, आणि खाटेवर माझे थोरले बंधू. रात्रभर मी त्यांच्या चेहऱ्याकडे कमी आणि त्या काट्याकडेच अधिक पाहत होतो. ते वाचले. सिलिंडर कोणी तपासला, ओ-रिंग कोणी बदलली, हे मी तेव्हा विचारले नाही. आता ते कळण्याची सोयही नाही.

प्राण वाचविणाराचे नाव आपण लक्षात ठेवतो. प्राण धोक्यातच येऊ नये म्हणून रोज धूळ पुसणारा, आटे न्याहाळणारा, शंका आली की सिलिंडर बाजूला काढून ठेवणारा मनुष्य मात्र अनामच राहतो. त्याचे काम चोख झाले की काहीच घडत नाही, आणि काही न घडल्याबद्दल जगात कोणी आभार मानीत नाही. हवा फुकट आहे हे खरे. पगार मिळतो तो तिच्या राखणीचा. तो थोडाच असतो, एवढेच काय ते वाईट.